विंडोज १० ची मुदत संपली, हाताशी तीन जुनी यंत्रं – कशावर काय टाकू?

मंदगती

नमस्कार मंडळी,

तीन जुने संगणक पडून आहेत. फेकवत नाहीत आणि आहेत तसे वापरवतही नाहीत.

पहिला डेस्कटॉप. आय-५, चौथी पिढी, ८ जीबी रॅम, ५०० जीबीची हार्ड डिस्क, विंडोज १०. चालू केला की डिस्कचा दिवा बराच वेळ नुसता पेटलेला असतो आणि माउस अडकत अडकत सरकतो. विंडोज ११ साठी तपासलं तर 'हा पीसी पात्र नाही' असं उत्तर आलं.

दुसरा लॅपटॉप. कोअर टू डुओ, ३ जीबी रॅम, ३२ बिट विंडोज ७. क्रोमनं फेब्रुवारी २०२३ मध्येच त्याच्यावरून हात काढून घेतला (१०९ ही शेवटची आवृत्ती), त्यामुळे आता बऱ्याच साइट धड उघडत नाहीत.

तिसरं नेटबुक. अ‍ॅटम एन२७०, १ जीबी रॅम, एक्सपी. याच्याकडून फारशी अपेक्षा नाही, पण कळफलक छान आहे, म्हणून जीव अडकलाय.

पात्रतेची अट बायपास करून विंडोज ११ टाकलेलं टिकतं का? का सरळ लिनक्सकडे वळू? टर्मिनल (हुकूम टाइप करायची काळी खिडकी) दिसलं की जरा धडकी भरते, हे आधीच सांगून ठेवतो. शिवाय मराठी टाइप करता आलंच पाहिजे.

उचापती

तिन्हीवर लिनक्स मिंट. विषय संपला.

सेक्टर शून्य

उचापती, विषय तिथे सुरू होतो हो! एन२७० हा ३२ बिटच प्रोसेसर आहे, त्यावर आजचं ६४ बिट मिंट बूटसुद्धा होणार नाही.

मंदगती, कोणती सिस्टिम टाकायची हा प्रश्न सध्या बाजूला ठेवा. आधी डिस्क बघा. तुम्ही डेस्कटॉपचं जे वर्णन केलंय ते प्रोसेसर म्हातारा झाल्याचं नाही, डिस्क थकल्याचं आहे. चौथ्या पिढीचा आय-५ आजही रोजच्या कामाला पुरून उरतो.

क्रिस्टलडिस्कइन्फो (डिस्कची तब्येत दाखवणारा प्रोग्रॅम) उतरवून घ्या आणि दोन ओळी शोधा, ०५ आणि सी५. ०५ म्हणजे खराब झाल्यामुळे बदली जागेवर हलवलेले सेक्टर. सी५ म्हणजे जे वाचता येत नाहीयेत पण ज्यांचा निकाल अजून लागलेला नाही असे सेक्टर. उजवीकडच्या रॉ रकान्यात शून्याखेरीज काहीही असेल तर सावध व्हा. हे आकडे मूळ सेटिंगमध्ये हेक्साडेसिमल असतात, त्यामुळे शेवटी १० दिसलं तर ते सोळा समजायचं. ०५ मध्ये थोडाफार आकडा असून वर्षानुवर्षं चाललेल्या डिस्का असतात. पण सी५ वाढत असेल तर त्या डिस्कवर नवीन काही टाकायच्या फंदात पडू नका, आधी डेटा बाहेर काढा.

हे इतकं ताणून सांगतोय कारण इन्स्टॉल करताना कित्येक जीबी एका दमात लिहिले जातात. मरायला टेकलेली डिस्क नेमकी तेव्हाच मान टाकते. मग इन्स्टॉलर ६३ टक्क्यांवर अडकतो आणि लोक आयएसओ फाइलला (जिच्यातून इन्स्टॉलचा पेन ड्राइव्ह बनतो ती) शिव्या देत पुन्हा पुन्हा पेन ड्राइव्ह बनवत बसतात.

दुसरं म्हणजे एसएसडी (फिरता भाग नसलेली वेगवान डिस्क). साधी अडीच इंची साटा एसएसडी डेस्कटॉपला लागेल आणि लॅपटॉपलाही लागेल. कोअर टू डुओच्या काळातला साटा २ असला तरी तो सेकंदाला ३०० एमबीच्या आसपास जाऊ शकतो. तसंही खरा फरक त्या आकड्यात नाहीच. हार्ड डिस्कचा काटा डिस्कभर पळून छोट्या छोट्या फायली गोळा करतो, तो वेळ वाचतो. रॅम वाढवण्याआधी हे करा.

बॅकअप घेताना 'माय डॉक्युमेंट्स' कॉपी केलं की झालं असं समजू नका. आउटलुक वापरत असाल तर त्याची पीएसटी फाइल, ब्राउझरचे पासवर्ड, डेस्कटॉपवर पसरलेला संसार, सगळं बघा. आणि बिटलॉकर (विंडोजचं डिस्कवरचं कुलूप) चालू आहे का तेही बघा. असेल तर रिकव्हरी की कागदावर उतरवून ठेवा. बायोसमध्ये (यंत्र सुरू होताना उघडणारी मदरबोर्डाची सेटिंग) हात घातल्यावर ती हमखास मागितली जाते.

रिकामा स्लॉट

वरच्या सगळ्याला +१.

विंडोज ११ बद्दल: मी तिसऱ्या पिढीच्या आय-५ वर चालवतोय आणि मस्त चालतंय. रूफस या प्रोग्रॅमनं पेन ड्राइव्ह बनवताना एक खिडकी येते, त्यात टीपीएम (सुरक्षेची चिप), सिक्युअर बूट (सुरू होतानाची सुरक्षा तपासणी) आणि रॅमची अट काढायची टिक असते. चालू विंडोज १० वरूनच चढवायचं असेल तर आयएसओ उघडून सेटअपला 'स्लॅश प्रॉडक्ट सर्व्हर' जोडून चालवायचं. पडद्यावर विंडोज सर्व्हर लिहून येतं, घाबरायचं नाही, पडतं साधं ११ च. फायली, प्रोग्रॅम जागच्या जागी राहतात. डिजिटल लायसन्स मदरबोर्डाशी बांधलेलं असतं, त्यामुळे ॲक्टिव्हेशनही आपोआप होतं.

सेक्टर शून्य

चालतं, याबद्दल वाद नाही. किती दिवस, हा प्रश्न आहे.

मायक्रोसॉफ्टच्या अधिकृत यादीत इंटेलची आठवी पिढी आणि पुढचे प्रोसेसर आहेत, सातव्यातले अगदी मोजके. एएमडीचं साधारण रायझन २००० पासून पुढे. त्यामुळे कुठून टीपीएम पैदा केला तरी चौथी पिढी यादीबाहेरच राहते. अशा यंत्रांना अपडेट मिळतीलच अशी हमी ते देत नाहीत. महिन्याचे सुरक्षा अपडेट सध्या येतात. वर्षातून एकदा येणारी मोठी आवृत्ती मात्र आपणहून येत नाही, ती दर वेळी हातानं चढवावी लागते. तुम्ही ते कराल. मंदगती करतील का?

शिवाय विंडोज ११ च्या २४एच२ या मोठ्या आवृत्तीला काय झालं आठवा. तोवर कोअर टू डुओवर ११ चालवून व्हिडिओ टाकणारे कमी नव्हते. २४एच२ च्या कर्नलला (सिस्टिमच्या गाभ्याला) पॉपकाउंट आणि एसएसई ४.२ या सूचना लागायला लागल्या, आणि कोअर टू मध्ये त्या नाहीतच. रजिस्ट्रीत काहीही बदला, प्रोसेसरमध्ये जे नाही ते कुठून आणणार? तुमच्या तिसऱ्या पिढीत आणि मंदगतींच्या चौथ्या पिढीत त्या आहेत, म्हणून आज निभावतंय.

रिकामा स्लॉट

मान्य. पण लिनक्सवाल्यांनी यावर फार ताठ मानेनं बोलू नये! रेड हॅट एंटरप्राइझ या लिनक्सच्या ९ व्या आवृत्तीला प्रोसेसरची एक्स८६-६४-व्ही२ पातळी लागते, म्हणजे तोच पॉपकाउंट. १० ला तर व्ही३, म्हणजे एव्हीएक्स २ वगैरे. डेबियन १३ या लिनक्सनं ३२ बिटचा इन्स्टॉलर आणि कर्नल दोन्ही काढून टाकले. दार सगळेच बंद करतायत, कुणी आज, कुणी उद्या.

सेक्टर शून्य

हे मात्र खरं. फरक एवढाच की तिकडे एक दार बंद झालं तरी शेजारची चार उघडी असतात.

पाहुणी

एक सगळ्यांच्या नजरेतून सुटलंय. डेस्कटॉपच्या बाबतीत एवढी घाई कशाला? विंडोज १० चा आधार १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला, पण घरगुती वापरासाठी विस्तारित सुरक्षा अपडेटची योजना १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत आहे. विंडोज १० ची २२एच२ आवृत्ती हवी. सेटिंग्जमध्ये विंडोज अपडेटच्या पानावर नोंदणीचा दुवा दिसतो. मायक्रोसॉफ्ट खात्यानं लॉगिन करून सेटिंग्जचा बॅकअप चालू ठेवला तर पैसेही द्यावे लागत नाहीत. नवीन सोयी मिळणार नाहीत, फक्त भोकं बुजवली जातील. तेवढ्या अवधीत लिनक्स शेजारी टाकून हात बसवता येईल.

माझं मत विचाराल तर बायपासपेक्षा हे बरं. दुसऱ्याच्या यंत्रावर बायपास करून देणं तर मी पूर्ण बंद केलंय. पुढची मोठी आवृत्ती आली की फोन आपल्यालाच येतो.

मंदगती

सगळ्यांचे आभार. डेस्कटॉपच्या डिस्कचा सी५ शून्य नाही, आकडा इथे सांगायचीही लाज वाटते. डेटा बाहेर काढलाय. एसएसडी आणलीये. विंडोज १० आहे तसंच क्लोन करून पाहुणींनी सांगितलेली नोंदणी करतो, आणि उरलेल्या जागेत मिंट.

आता अडचण अशी की बायोसमध्ये साटा मोड (डिस्कशी बोलायची पद्धत) जुन्या 'आयडीई' वर आहे. तो नवा एएचसीआय केला की निळा पडदा येतो, 'इनॅक्सेसिबल बूट डिव्हाइस'. परत आयडीई केला की सुरळीत. मग आयडीईच राहू देऊ?

रिकामा स्लॉट

नको नको. आयडीई मोडमध्ये एसएसडीला एका वेळी एकच मागणी पाठवता येते, ट्रिमचीही (पुसलेली जागा एसएसडीला कळवायची सोय) खात्री नाही. विंडोज पुन्हा टाकायची मात्र गरज नाही, एक सोपी पळवाट आहे.

आयडीईवरच विंडोज चालू करा. एमएसकॉन्फिग उघडा, बूटच्या टॅबवर 'सेफ बूट'ची टिक लावा आणि रीस्टार्ट करा. विंडोज उघडायच्या आधीच बायोसमध्ये घुसून एएचसीआय करा. सेफ मोडमध्ये विंडोज आपलं आपण योग्य ड्रायव्हर शोधून बसवतं. मग टिक काढून पुन्हा रीस्टार्ट. बस्स.

एक काळजी घ्या: सेफ मोडमध्ये पिन चालेलच असं नाही, खात्याचा पूर्ण पासवर्ड माहीत असू द्या.

सेक्टर शून्य

आणि क्लोन करताना एक लक्षात ठेवा. सी५ वाढलेल्या डिस्कवर साधा क्लोन मधेच 'वाचता येत नाही' म्हणून थांबू शकतो. क्लोनझिला या क्लोन करायच्या प्रोग्रॅमात तज्ज्ञ मोडमध्ये 'रेस्क्यू'चा पर्याय आहे, तो न वाचलेला सेक्टर सोडून पुढे जातो. पण मग विंडोजच्या कुठल्या फायलीला भोक पडलंय ते कळत नाही. क्लोननंतर 'एसएफसी स्लॅश स्कॅननाऊ' (विंडोजच्या फायली तपासणारा हुकूम) चालवाच. त्यानंही कुरकुर केली तर सरळ कोरं इन्स्टॉल करा, हट्ट धरू नका.

मंदगती

सेफ बूटची युक्ती जमली! क्लोनही झाला, स्कॅननं काही फायली दुरुस्त केल्या. यंत्र ओळखू येत नाहीये. मिंटही शेजारी बसलं.

नवीन तक्रार: मिंटमधून विंडोजचं पार्टिशन उघडतं, पण त्यात काही लिहू देत नाही. फक्त वाचा म्हणतं.

पाहुणी

विंडोजचं 'फास्ट स्टार्टअप' बंद करा. ते चालू असलं की 'शट डाउन' म्हटल्यावर विंडोज पूर्ण बंद होत नाही, अर्धवट झोपी जातं आणि फाइल सिस्टिम अर्धी उघडी ठेवतं. लिनक्सला ते दिसतं, म्हणून ते शहाणपणानं लिहायला नकार देतं. पॉवर ऑप्शन्समध्ये 'पॉवर बटण काय करतं ते निवडा' या पानावर टिक आहे. जबरदस्तीनं लिहायचे उपाय नेटवर सापडतील, ते करू नका, डेटा जाईल.

नवी वाट

मधेच घुसतेय, माफ करा. माझ्याकडेही असाच एक जुना लॅपटॉप आहे, त्यावर 'कोअर डुओ' लिहिलंय. त्यात 'टू' नाही. तोही ६४ बिट असेल ना?

सेक्टर शून्य

नाही, आणि इथे भलेभले फसतात. कोअर टू डुओ सगळे ६४ बिट, नुसता कोअर डुओ ३२ बिट. स्टिकरवर विश्वास ठेवू नका. सीपीयू-झेडमध्ये सूचनांच्या ओळीत 'ईएम६४टी' दिसतं का बघा. लिनक्सच्या लाइव्ह पेन ड्राइव्हवर 'एलएससीपीयू' चालवलं तरी कळतं.

इंटेल ९४५ चिपसेट असेल तर आणखी एक गंमत. त्यावर कोअर टू डुओ बसवला आणि ४ जीबी रॅम भरली तरी ३ जीबीच्या थोडं वरच दिसते. ६४ बिट सिस्टिम टाकूनही फरक पडत नाही, कारण मर्यादा चिपसेटची आहे. तिथे रॅमवर पैसे घालवू नका.

मंदगती

लॅपटॉपचा अहवाल. ३२ बिट विंडोज ७ वरून ६४ बिटवर थेट चढता येत नाही हे कळलं, म्हणून सगळं पुसून मिंट २२ ची हलकी एक्सएफसीई आवृत्ती टाकली. चालतंय. पण वायफाय गायब! यादीत एकही नेटवर्क नाही. चिप ब्रॉडकॉमची आहे. ड्रायव्हर उतरवायला नेट पाहिजे आणि नेटसाठी ड्रायव्हर...

उचापती

फोन यूएसबी केबलनं जोडा, फोनमध्ये 'यूएसबी टेदरिंग' चालू करा. मिंटला ते वायरचं नेटवर्क वाटतं, कसलाही ड्रायव्हर लागत नाही. मग ड्रायव्हर मॅनेजर उघडा, ब्रॉडकॉमचा पर्याय दिसेल, निवडा, रीस्टार्ट. टर्मिनलचं नावही नको. केबल नसेल तर ज्यावरून इन्स्टॉल केलं तो पेन ड्राइव्ह पुन्हा लावा, ड्रायव्हर मॅनेजर त्यातूनही घेऊ शकतो.

बघा, मिंट म्हटलं होतं की नाही :)

मंदगती

आलं वायफाय! उचापती, दंडवत.

पण यूट्यूब अडखळतंय. पंखा विमानासारखा ओरडतो.

रिकामा स्लॉट

त्या काळच्या ग्राफिक्सला व्हीपी९ आणि एव्ही१ हे व्हिडिओचे नवे प्रकार उलगडता येत नाहीत, मग सगळा भार प्रोसेसरवर येतो. यूट्यूबला जुना एच.२६४ च द्यायला भाग पाडणारी एक्स्टेन्शन आहेत, त्यातलं एक टाका आणि ४८० वर समाधान माना, फार तर ७२०. सोबत जाहिराती अडवणारं युब्लॉक ओरिजिन हवंच. आजकाल पानापेक्षा पानातल्या जाहिराती जास्त रॅम खातात. ३ जीबीत सिस्टिम आरामात बसते हो, ब्राउझर बसत नाही. टॅब उघडे ठेवायची सवय मोडा. शिवाय झेडरॅम चालू करा, रॅममधलाच न लागणारा मजकूर आवळून ठेवतं, बराच श्वास मिळतो.

अक्षरजुळणी

मराठी टायपिंगचा प्रश्न राहिलाच की. मिंटमध्ये कीबोर्डच्या सेटिंगमध्ये लेआउट जोडताना मराठीचे दोन पर्याय दिसतात, इनस्क्रिप्ट आणि कागपा. कागपा उच्चारानुसार आहे. बाहेरचं काहीच बसवायला नको. फोनसारखं रोमन टाइप करून मराठी उमटवायची सवय असेल तर मात्र आयबस (टायपिंगचा प्रोग्रॅम) आणि त्याचं एम१७एन पॅकेज टाका. जोडाक्षरं तुटलेली दिसली तर नोटो किंवा लोहित देवनागरी फॉन्ट टाका.

धोक्याची सूचना: विंडोज ७ च्या काळात युनिकोड नसलेल्या फॉन्टांत लिहिलेल्या वर्ड फायली असतील तर त्या लिनक्सवर उघडल्यावर नुसती रोमन अक्षरांची खिचडी दिसेल. फायली खराब झालेल्या नसतात. जुनं विंडोज पुसायच्या आधी ते फॉन्ट कॉपी करून ठेवायचे, आणि सवडीनं मजकूर युनिकोडमध्ये बदलून घ्यायचा.

मंदगती

फॉन्ट सुदैवानं बॅकअपमध्ये आहेत, आत्ताच बघितलं.

शेवटचं नेटबुक. अँटीएक्स या हलक्या लिनक्सची ३२ बिट आवृत्ती टाकली. पहिल्यांदा छान उघडलं. नंतर दर वेळी सुरू होताना काळ्या पडद्यावर थांबतं आणि म्हणतं, 'सुपरब्लॉकचा शेवटचा माउंट भविष्यकाळातला आहे'. आत गेलो तर अपडेट होत नाही, म्हणे 'रिलीज फाइल अजून वैध झालेली नाही'. फायरफॉक्स एकही साइट उघडत नाही, सगळीकडे प्रमाणपत्राची चूक. पुन्हा इन्स्टॉल करू का? एसएसडी खराब निघाली की काय?

सेक्टर शून्य

काही खराब नाही. कोपऱ्यातलं घड्याळ बघा, कुठल्यातरी जुन्या वर्षाची १ जानेवारी दिसेल. मदरबोर्डवरची नाण्याएवढी बॅटरी संपलीये. आदल्या दिवशी नेटवरून खरी तारीख घेऊन डिस्कवर नोंद झाली, बंद केल्यावर घड्याळ मागे गेलं, म्हणून कालची नोंद आज 'भविष्यातली' ठरते. अपडेटच्या फायली आणि साइटची प्रमाणपत्रं यांनाही तारखेची कक्षा असते, म्हणून तीही अडतात. तिन्ही तक्रारींचं मूळ एकच.

मिंटमध्ये हे इतकं उघड दिसलं नसतं. सिस्टमडी (लिनक्स सुरू करणारा भाग) घड्याळ फारच मागे दिसलं तर निदान स्वतःच्या बांधणीच्या तारखेपर्यंत पुढे ढकलतं. अँटीएक्समध्ये सिस्टमडी नाही.

डेस्कटॉपमध्ये साधी सीआर२०३२ असते, नखानं निघते. नेटबुकमध्ये मात्र बहुधा प्लास्टिकच्या आवरणात गुंडाळलेली, दोन वायरी आणि छोटा कनेक्टर असलेली मिळेल, कळफलकाखाली किंवा मदरबोर्डाच्या मागच्या अंगाला. तोच कनेक्टर असलेली घ्या, वायरी जोडत बसू नका. कळफलक उचलताना त्याची चपटी पट्टी आधी सोडवा, तिची कुंडी बोटाच्या जोरानंही तुटते. तोवर सुरू करताना बायोसमध्ये तारीख घालत जा.

पाहुणी

आणि त्यावर नेटची फार आशा धरू नका. फायरफॉक्सनं लिनक्सवर ३२ बिट आवृत्ती १४४ नंतर बंद केली. दीर्घ आधाराची १४० आवृत्ती निदान सप्टेंबर २०२६ पर्यंत आहे. अँटीएक्स २३ ज्याच्यावर उभं आहे त्या डेबियन १२ ला जून २०२८ पर्यंत सुरक्षा अपडेट मिळतील. त्यामुळे सिस्टिम टिकेल, ब्राउझर आधी जाईल. कळफलक आवडतो म्हणालात ना? लिहायला ठेवा. फायली पेन ड्राइव्हनं न्या-आणा, बँकेचं लॉगिन तिथे अजिबात नको.

मंदगती

तारीख होती १ जानेवारी २००८! बायोसमध्ये बदलली, अपडेट सुरू झालेत. बॅटरी शोधतो. उघडताना कळफलकाखाली चार स्क्रू दिसतायत, पण एक कोपरा अजून सुटत नाहीये.

रिकामा स्लॉट

उलटं करून रॅमचं झाकण काढा. एक स्क्रू बहुतेक त्याच्या आत लपलेला असतो.